रथ चार बोटं खाली

प्रश्न : माझा नववीतला मुलगा व्हिडिओ गेममध्ये चोरी करतो, मग दानधर्म करून 'पॉइंट फिटले' म्हणतो. सासूबाईंना हे पटत नाही. पण आपला कर्मसिद्धांतही असाच हिशेब नाही का? – एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, मी सासूबाईंच्या बाजूने. फिटाफिटीचा हिशेब 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' या गेममध्ये (२००३) आहे : बऱ्यावाईट कृत्यांची एकच पट्टी, वर उजेड, खाली अंधार. 'मास इफेक्ट' या गेममध्ये (२००७) मात्र दोन वेगळ्या पट्ट्या, एक सज्जनपणाची, एक दांडगाईची. सज्जनपणा करून दांडगाईचे गुण कमी होत नाहीत.

महाभारत या दुसऱ्याच्या जवळ जातं. युधिष्ठिराचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालायचा. 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने सांगून 'हत्ती' तेवढं पुटपुटला, आणि रथ टेकला. जन्मभराचं खरं बोलणं त्या खोट्यातून वजा झालं नाही. स्वर्गारोहणपर्वात त्याला घटकाभर नरक बघावाच लागतो, आणि इंद्र कारण सांगतो : द्रोणांना फसवलंस. (शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमचे मित्र अजून युधिष्ठिराचं वकीलपत्र घेऊन भांडतात. घेऊ देत.)

खरी गोम हेतूत आहे. गेमला दाबलेलं बटण कळतं, मनातलं नाही. फळावर डोळा ठेवून दिलेलं दान गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस, म्हणजे सात्त्विकाहून खालचं, ठरतं; म्हणजे चिरंजीवांचं दान तिथेच अडकलं.

त्याला 'अंडरटेल' (२०१५) खेळायला द्या. त्यात सगळ्यांना शेवटपर्यंत मारत सुटलात, तर नंतर नव्याने, कुणालाही न मारता खेळलात तरी शेवटात डाग राहतो. जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो.