एकच कालवण

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, प्रत्येक रात्रीचा चौकोन, प्रत्येक चौकोनात नवा पदार्थ. सोमवारी पनीर, मंगळवारी पावभाजी, बुधवारी भरली वांगी आणि वर जिरा राईस. खाली पेन्सिलीनं लिहिलंस, "बाई, गुरुवारीच कोलमडलं, बाहेरून मागवलं. तक्ता तपासून द्या." तुझ्या वह्या मी तपासल्यात, त्यामुळे स्पष्ट सांगते. हा तक्ता फाडून टाक.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर उभं राहून सात वाजता खोलीवर येणारा मुलगा आणि परीक्षेचा अभ्यास करणारी त्याची बहीण, या दोघांच्या घरात हॉटेलचं मेनूकार्ड चालणार नाही. बहिणीला हातचं, गरम जेवण मिळावं म्हणून तू चूल अंगावर घेतलीस, याचं मला फार बरं वाटलं. म्हणून तर एवढं लांब पत्र लिहिते आहे. रात्री भाकरी आणि एक कालवण. एवढंच ठरव. सोमवारीही तेच, शनिवारीही तेच, पाहुणा आला तरी तेच.

तू म्हणशील, ती कंटाळेल. कंटाळणार नाही, कारण हिवाळा आहे. आपल्याकडे हिवाळ्यात बाजारच दर पंधरा दिवसांनी बदलतो, बदल करायचं काम त्याला करू दे. नोव्हेंबरात करडईची कोवळी भाजी येते, मेथी स्वस्त होते. मग हरभऱ्याचे शेंडे. शेंडा खुडला की झाडाला फुटवे जास्त येतात, म्हणून शेतकरी आनंदानं खुडू देतो आणि ती आंबट भाजी बाजारात ढिगानं येते. डिसेंबरात चुका, चाकवत, कांद्याची पात, चकचकीत वांगी आणि तुरीच्या ओल्या शेंगा. जानेवारीत ओला हरभरा. फेब्रुवारीत पालेभाजी जून व्हायला लागते, तेव्हा डाळी आणि उसळींकडे वळायचं. चार महिन्यांचा तक्ता शेतात तयार आहे, तुला कागदावर लिहायची गरजच नाही.

बाजाराच्या दिवशी एकदाच माळवं, म्हणजे भाजीपाला आण आणि ते खराब होण्याच्या क्रमानं संपव. पहिले दोन दिवस पालेभाजी, मधले दोन-तीन दिवस वांगी, शेंगा, गाजर, आणि आठवडा सरत आला की डाळ. तुझ्या तक्त्यात मेथी शुक्रवारी होती. रविवारी आणलेली मेथी शुक्रवारी पिवळी पडणार, मग तू ती फेकणार, आणि मग फोन काढून काहीतरी मागवणार. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेव आणि धुवायची ती करतानाच. निवडायला बहिणीला घे. अभ्यासाचं कारण सांगेल, तरी घे. मेथी निवडता निवडता पाठांतर होतं, मी बी.एड. तसंच केलं आहे.

आता पीठ. इथे मात्र मी सैल सोडणार नाही. ज्वारी मालदांडीच घे, रब्बीची, शाळू. खरिपाची हायब्रीड स्वस्त मिळते, पण भाकरीची चव तिला नाही. दोघांना रात्रीच्या चार भाकऱ्या धरल्या तर आठवड्याला साधारण तीन किलो पीठ लागतं. तेवढंच दळून आण. महिन्याचं दळून ठेवलंस तर पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची ताकद, जाते आणि भाकरी थापताना कडेला तडे जातात. मग तू म्हणणार, मला भाकरी जमत नाही. थंडीत बाजरीही खावी, पण बाजरीच्या पिठात तेल जास्त, ते लवकर कडू होतं. ती एका वेळी किलोभरच दळ.

आणि पाणी उकळतं घे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो उकळत्या पाण्यानं आणावा लागतो. पिठात पाणी ओतून आधी चमच्यानं हलव, हाताला सोसवेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं रगडून मळ. एका वेळी एकाच भाकरीचं मळ. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात फिरव, आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलट. पहिल्या आठवड्यात भाकऱ्या मोडतील, तर मोडू देत. मोडलेली भाकरी आमटीत कुस्करून खायला जास्त चांगली लागते. मोडते म्हणून चपात्यांची पाकिटं आणशील तर मला कळवूही नकोस.

कालवण एक म्हणजे किती प्रकारांनी एक, तेही बघ. तुरीची डाळ एकदाच दोन रात्रींची शिजव. पहिल्या रात्री लसणाची फोडणी देऊन वरण. उरलेली फ्रीजमध्ये ठेव आणि दुसऱ्या रात्री तिच्यात चुका घालून आंबट कर, नाहीतर कणकेच्या चकोल्या, म्हणजे पोळी लाटून कापलेले तुकडे, सोड. चकोल्या केल्यास की त्या दिवशी भाकरीसुद्धा नको. फक्त चिंच, चुका, टोमॅटो असलं आंबट काहीही डाळ मऊ झाल्यावरच घालायचं, आधी घातलंस तर डाळ शिजता शिजत नाही. फार उशीर झाला तर बेसन कर, कांदा चिरण्यापासून झाकण ठेवण्यापर्यंत पंधरा मिनिटं लागतात. गारठा वाढला की हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे शेंगोळे. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, भरपूर लसूण, तिखट, घट्ट मळून हातावर वळायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. यासोबत काहीही लागत नाही. आणि ज्या दिवशी घरात माळव्याचं पानही नसेल, त्या दिवशी येसर. भाजलेलं धान्य, डाळ, मसाले एकत्र दळलेले असतातच, पाण्यात कालवून फोडणीत उकळलं की आमटी. लग्नघरात शेकडो माणसं त्या आमटीवर जेवतात, तुम्ही दोघं का नाही जेवणार?

ताटात तोंडी लावायला चटणी असू दे. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची, एका वेळी एकच. जवसाची पंधरा दिवसांपुरतीच कर, तिला लवकर खवट वास येतो. कांदा फोडून घे. झालं जेवण.

"पण बाई, आई रोज दोन भाज्या करायची," असं तू लिहिलं आहेस. माझी चीड या वाक्यावर आहे, तुझ्यावर नाही. ती दोन भाज्या करायची आणि स्वतः कधी जेवायची, हे तुला आठवतं का?

मी लग्न होऊन आले ते भरल्या ताटाच्या घरात. पोळी, भाकरी, दोन भाज्या, वरण, भात, कोशिंबीर, आणि हे सगळं रात्रीसुद्धा. शाळेतून यायचं, पदर खोचायचा आणि साडेनऊपर्यंत चुलीपुढे. आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई आणि मी, गार झालेलं, उरलेलं. तपासायच्या वह्या त्यानंतर. माझ्या मुली त्या वर्षांत वाचायला शिकल्या. दुसऱ्यांच्या मुलांना मी अक्षरं गिरवून घेत होते आणि घरी माझ्या मुली कोशिंबिरीच्या काकडीपलीकडे मला दिसत होत्या. त्या संध्याकाळी गेल्या. त्यांची खंत मला आजही आहे, आणि कोणी म्हटलं की तेव्हा पद्धतच तशी होती, तरी ती कमी होत नाही.

एका हिवाळ्यात मी थांबले. रात्री भाकरी आणि एक कालवण, सांगून टाकलं. घरात बोलणी झाली. नोकरीचा माज आला म्हणाले, नवऱ्याला उपाशी ठेवते म्हणाले, एका नातलगानं तर आमच्याकडे जेवणं सोडलं. मी वाद घातला नाही, पातेलंही वाढवलं नाही. थोड्याच दिवसांत असं झालं की आठ वाजता सगळं तयार असायचं आणि सासूबाई पहिल्यांदा सगळ्यांच्या पंगतीत बसून तव्यावरची गरम भाकरी खायला लागल्या. त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही, पण दुसरी भाजी कर असंही परत म्हणाल्या नाहीत. मी तेव्हा बरोबर होते. आज कोणी विचारलं तरी हेच सांगेन, आणि कोणी न विचारताही सांगत आले आहे.

हा हट्ट मला आईकडून आला. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आमच्या घरात यायची. आई तिच्या भाकऱ्या थापायची आणि सोबत पातळ आमटी, नाहीतर नुसतं तिखट. त्या ताटासाठी तिनं कधी कोणापुढे मान खाली घातली नाही. जे आहे ते गरम आणि सगळ्यांना एकदम, एवढा तिचा नियम होता. सुकाळ आल्यावर आपण तो मोडला. दुष्काळातली सवय म्हणून आपल्याला एका कालवणाची लाज वाटायला लागली.

लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे? आपले सणसुद्धा एकाच पातेल्यात रांधले जातात. भोगीला वांगी, गाजर, ओला हरभरा, घेवडा, शेंगदाणे, तीळ सगळं एकत्र शिजवतो आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खातो. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात भज्जी करतात, तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या, आंबट ताक, बेसन, सगळं एका भांड्यात. सोबत उंडे आणि आंबील. त्या दिवशी अख्खं गाव रानात असतं आणि दुसरी भाजी कुठे आहे, असं कोणी विचारत नाही. सणाला चालतं ते तुझ्या बुधवारला का चालू नये?

पनीर खाऊ नकोस, पावभाजी करू नकोस, असं मी म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून हवं ते करा. पण सुट्टीचं जेवण कामाच्या दिवशी आणू नकोस. तू थकून येतोस, आणि थकलेल्या माणसाला सात वाजता "आज काय करू" हा प्रश्न पडताच कामा नये. उत्तर कायमचं ठरलेलं असलं की हात आपोआप परातीकडे जातो. पीठ आहे, मग भाकरी. पिशवीत जे आधी वाळणार आहे, ते कालवण. बहिणीला ओरडून सांग की पाणी उकळायला ठेव.

आणि खर्चाचा जो हिशेब तू तक्त्यामागे लिहिला आहेस, तो मला दाखवायची गरज नाही. बाहेरून मागवलेल्या एका रात्रीच्या पैशात आठवड्याची ज्वारी येते, हे तुलाच दिसलं असेल.

तुझ्या मामाबरोबर येसराची पिशवी पाठवते आहे. दोघांच्या आमटीला दोन मोठे चमचे पुरतात. गार पाण्यात आधी नीट कालव, मगच फोडणीत ओत, नाहीतर गुठळ्या होतात. सोबत हरभऱ्याची वाळवलेली भाजीही आहे, मागच्या वर्षीची, चांगली आहे. ती फेब्रुवारीसाठी ठेव, आत्ता ताजी मिळते आहे तोवर फोडू नकोस. रविवारी बाजाराला निघण्याआधी बहिणीला एवढंच विचार की कोणती पालेभाजी तिच्या घशाखाली उतरत नाही. ती आणू नकोस, बाकी सगळ्या आण.

तुझ्या बाई
अंबाजोगाई