आजोळच्या ट्रंकेतले जुने फोटो घरच्या घरी डिजिटल कसे करावेत?

तुमच्याकडे तीनेकशे फोटो आहेत, त्यातले बरेच अल्बमला चिकटलेत आणि स्कॅनर घ्यावा की मोबाईलवर भागवावं हे ठरत नाहीये. मी आमच्या घरचे आणि नंतर नातेवाइकांकडचेही फोटो घरीच स्कॅन केले आहेत. माझं मत स्पष्ट आहे: सुट्या फोटोंना स्कॅनरच हवा. मोबाईल फक्त जिथे फोटो काचेवर पालथा घालताच येत नाही तिथे वापरा.

पण त्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसापुढे हे फोटो घेऊन बसा आणि ते जे सांगतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. स्कॅनिंग दिवाळीनंतर केलंत तरी चालेल, हे मात्र लांबणीवर टाकू नका. आपल्याकडे बायकांच्या नावांचा घोळ हमखास होतो. लग्नानंतर आडनाव बदलायचंच, पुष्कळ घरांत नावही बदलायचे. माहेरच्या फोटोमागे ‘कु. कुसुम’ असते, सासरच्या अल्बममध्ये तीच ‘सौ. सुमती’ होते आणि घरात सगळे तिला माई म्हणतात. माहेरचं, सासरचं आणि हाकेचं अशी तिन्ही नावं लिहून घ्या, नाहीतर नातवंडांना त्या तीन वेगळ्या बायका वाटतील.

फोटोची मागची बाजूसुद्धा स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, कुणाचं तरी अक्षर, सगळं तिथेच असतं. ‘वैशाख शु. ५, शके १८८४’ असं काही सापडलं तर शकात ७८ मिळवा, म्हणजे १९६२ साल येतं. माघ-फाल्गुन असेल तर ७९ मिळवायचे, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. पौषात जानेवारी लागतो, त्यामुळे तिथे दोन्ही सालं तपासून बघा.

आता स्कॅनर. फक्त कागदावरचे फोटो असतील तर कॅननच्या लाइड ३००सारखा साधा, यूएसबीवर चालणारा फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर पुरतो. निगेटिव्हही करायच्या असतील तर फिल्मसाठी झाकणात दिवा असलेला हवा, उदाहरणार्थ एप्सनचा परफेक्शन व्ही६००. तो महाग आहे, पण दोन-तीन भावंडांत मिळून घेता येतो. अशा स्कॅनरमधली धूळ आणि ओरखडे आपोआप घालवणारी सोय रंगीत निगेटिव्हवर छान चालते. कृष्णधवल निगेटिव्हवर ती बंद ठेवा, कारण ही सोय इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ शोधते, कृष्णधवल फिल्ममधली चांदी तो प्रकाशच अडवते आणि चित्र बिघडतं.

नेहमीच्या फोटोंना ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, ठेवा. चार बाय सहाच्या फोटोचे त्यात २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात, त्यापुढे सहसा कागदाचे दाणेच मोठे दिसतात. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. क्लिक थ्रीसारख्या, १२० नंबरच्या रिळाच्या कॅमेऱ्यातून काढलेले पांढऱ्या कडेचे छोटे चौकोनी फोटो तुमच्या ट्रंकेत असतील. ते बहुतेक वेळा निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, मोठे न करता छापलेले असतात, त्यामुळे त्यांत बारकावे विलक्षण दाटलेले असतात. ते १२०० डीपीआयवर करा. आमच्याकडच्या मुंजीच्या अशाच एका फोटोत मांडवाच्या खांबाला टांगलेली पाटी होती. नुसत्या डोळ्यांना तिथे करडा ठिपका दिसायचा. स्कॅन मोठा केल्यावर कार्यालयाचं नाव वाचता आलं आणि गावाचा प्रश्नच सुटला.

कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा, म्हणजे चॅनेलांचा, बनलेला असतो. पिवळट डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत गडद आणि लाल चॅनेलमध्ये सर्वांत फिके दिसतात, त्यामुळे नंतर नुसता लाल चॅनेल घेतला तर निम्मं काम झालेलं असतं. सत्तरच्या दशकातले कितीतरी रंगीत फोटो आता तांबूस दिसतात, कारण त्यांतला निळसर सायन रंग अंधारात ठेवूनही उडतो. ते नंतर बरेच सुधारता येतात, पण स्कॅनरमधल्या ‘ऑटो’ सुधारणा सगळ्या बंद ठेवा. पहिली फाइल जशीच्या तशी, टिफ या चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात. चार बाय सहाची एक फाइल सुमारे २६ एमबी होते, म्हणजे तीनशे फोटोंचे आठ जीबीसुद्धा होत नाहीत. जी काय रंगरंगोटी करायची ती प्रतीवर. चेहरे स्पष्ट करून देणारी एआय अॅप मला अजिबात पसंत नाहीत. ती धूसर चेहऱ्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे-नाक बसवतात आणि घरातली पोरं तोच आजोबांचा चेहरा समजायला लागतात.

चिकटलेले फोटो ओढून काढू नका. ज्या अल्बमच्या पानांना गोंद आणि वर प्लॅस्टिक असतं, त्यांतला फोटो सैल वाटला तर डेंटल फ्लॉसचा धागा मागून हळूहळू करवतीसारखा फिरवत न्या. जराही विरोध जाणवला की थांबा आणि पानासकटच तो मोबाईलवर टिपा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोलाही हात लावू नका, तो काचेतूनच टिपायचा. खिडकीचा आडवा उजेड घ्या, फ्लॅश बंद, मोबाईल फोटोला समांतर, आणि मोबाईलमागे काळं कापड धरायला कुणाला तरी उभं करा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब पडत नाही.

फोटोला पाणी किंवा काच पुसायचं औषध लावू नका. रबरी ब्लोअरने धूळ उडवा आणि फोटो कडांना धरा. बुरशी असेल तर ओलसर असताना पुसली की ती थरातच घुसते. आधी पंख्याच्या वाऱ्यात कोरडं होऊ द्या, मग तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशने झटका.

फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, ‘१९६२-०५-मावशीचे लग्न-पुढची बाजू’ असं, म्हणजे आपोआप क्रम लागतो. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो टाकलात तर तो दाबून लहान होतो. गूगल फोटोजवर जून २०२१पासून चढवलेलं सगळं गूगलच्या फुकट १५ जीबीतच मोजलं जातं, तेव्हा त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. एक हार्ड डिस्क घरी ठेवा, दुसरी वेगळ्या गावातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे द्या.

आणि मूळ फोटो टाकू नका. आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घालून कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. माळ्यावर उन्हाळ्यात फार तापतं, आणि कोकणात असाल तर पावसाळ्यात ट्रंकही धोक्याचीच.