पहिला फोटोक्रोमिक (उन्हात आपोआप गडद, सावलीत फिका होणारा) गॉगल घेतोयस?

अरे मस्त, सायकल आणि ट्रेक दोन्हीसाठी हाच घे, पहाटे अंधारात निघून दुपारच्या उन्हात परत येणाऱ्याला यासारखी सोय नाही. सुरुवातीला एवढंच बघ:

१. युव्ही ४०० पाहिजेच, म्हणजे उन्हातली अतिनील (युव्ही) किरणं अडवणारी काच. काच काळी म्हणजे डोळे सेफ असं नाही, युव्ही न अडवणाऱ्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि उलट जास्त युव्ही आत जातं.

२. लेन्स पॉलिकार्बोनेटची (सहज न फुटणारं प्लास्टिक), आणि त्यावर झेड ८७ (Z87, डोळ्यांच्या सुरक्षेचं अमेरिकन मानक) च्या पुढे अधिकचं चिन्ह आहे का बघ, ते असेल तर उडालेल्या खड्याचं टेन्शन बरंच कमी.

३. कॅटेगरी (काच किती काळी त्याचं माप, ० म्हणजे जवळपास पारदर्शक, ३ म्हणजे गडद) ० ते ३ वाली घे, १ पासून सुरू होणारी पहाटे थोडी काळीच वाटते.

आता नवीन लोक फसतात ते इथे. लेन्स पटकन गडद होते पण फिकी व्हायला काही मिनिटं जातात, त्यामुळे भर उन्हातून पुण्याजवळच्या कात्रजच्या जुन्या बोगद्यात शिरलास तर आत काळीच राहणार, म्हणून आधीच स्पीड कमी कर, लाइट लाव, गॉगल नाकावर खाली सरकव. कारमध्ये गडद होत नाही कारण पुढची काचच युव्ही अडवते, मे महिन्यात उष्णतेमुळे थंडीपेक्षा कमी गडद होते, हे दोन्ही नॉर्मल आहे, बदलून मागू नकोस.

दुकानात ट्यूबलाइटखाली काही कळणार नाही. बाहेर उन्हात ने, लेन्सवर बोट ठेव, मिनिटभराने काढ, बोटाखालचा भाग फिका दिसला पाहिजे. पोलराइज्ड (चकाकी कमी करणारी लेन्स) वगैरेचं नंतर बघू, आधी हा वापर.