सांतो दोमिंगोत मालेकॉनवरच्या फाइव्ह स्टार हॉटेलचा रिव्ह्यू लिहायचाय, किती स्टार देऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कामानिमित्त डॉमिनिकन रिपब्लिकला गेलात, सांतो दोमिंगो शहरात मालेकॉनवर, म्हणजे समुद्रालगतच्या रस्त्यावर, भारी हॉटेलात राहिलात आणि आता एक स्टार द्यावा की तीन यावर अडलायत. तक्रारी अशा: बीच नाही, शनिवारी रात्रभर गाणी, बाल्कनीचं दार अडकत होतं, रेलिंगला गंज, खोलीत कुबट वास, बिल ठरल्यापेक्षा २८ टक्के जास्त आणि लॉन्ड्रीचे पैसे दोनदा लावले. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही सहज विचारलंय की रूम साफ करणाऱ्या बाईचं नाव बॅजवर वाचलंय, ते पण टाकू का.

नाही. ते नाव टाकायचं नाही. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

मी वेंगुर्ल्याचा. पणजीत एका हॉटेलात हाउसकीपिंगला लागलो, मग आमच्याकडची निम्मी पोरं जातात तसा क्रूझवर गेलो आणि तिथून सांतो दोमिंगोत त्याच मालेकॉनवरच्या एका मोठ्या हॉटेलात फ्लोअर सुपरवायझर झालो. हॉटेलचं नाव लिहीत नाही. त्यामुळे तुम्ही ज्या दाराबद्दल आणि ज्या वासाबद्दल लिहिलंय ते मला चांगलं माहितीय, तसली दारं मी हाताने साफ केलीयत.

समुद्रावरच्या खोलीत काय होतं ते लांबून आलेल्या माणसाला दिसत नाही. समुद्राकडून वारा येत राहतो, लाटा खडकावर आपटतात, त्याचा तुषार वर चढतो आणि मीठ सगळीकडे बसतं. सकाळी पुसलेल्या काचेवरून दुपारी बोट फिरवलं तर बोट चिकट लागतं. सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत मीठ आणि बारीक रेती मिळून घट्ट थर धरतो, तो फडक्याने निघत नाही, दात घासायचा ब्रश आणि गोडं पाणी घेऊन गुडघ्यावर बसून काढावा लागतो, पट्टी कोरडी करायची आणि मग सिलिकॉनचा स्प्रे मारायचा. तेल घातलं तर दोन दिवस छान सरकतं, नंतर त्याच तेलात सगळी धूळ बसते आणि पहिल्यापेक्षा जास्त अडकतं. रेलिंगचं पण तसंच, स्टेनलेस स्टील असलं तरी ३०४ ग्रेडचं असेल तर समुद्रासमोर त्याला तांबूस डाग येणारच, तिथे ३१६ लागतं आणि ते महाग पडतं. आता मला सांगा, ३०४ चं रेलिंग कोणी निवडलं? साफ करणाऱ्या बाईने? वेंगुर्ल्याला आमच्या घरच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या दर दोन पावसाळ्यांनी बदलतात, त्यात आईचा काय दोष.

कुबट वासाचं तर जास्तच. लोकांना लाटांचा आवाज ऐकायचा असतो म्हणून दार उघडं ठेवतात आणि गरम होतं म्हणून एसी १६ वर लावतात. बाहेरची ओली हवा आत येते, थंड जाळीला लागते, पाणी सुटतं, छतावर काळे ठिपके येतात, गाद्या-पडदे दमट होतात. काही हॉटेलांत दाराला सेन्सर असतो, दार उघडलं की एसी बंद. मग त्याच्यावर वेगळी तक्रार येते की एसी बिघडलाय!

आमच्या मजल्यावर एक बाई होती, वयाने बरीच मोठी, सगळे तिला नुसतं दोन्या म्हणायचे, तिकडे मोठ्या बाईला आदराने म्हणतात तसं. तिच्याइतकी स्वच्छ खोली मी पणजीतही बघितली नव्हती, क्रूझवरही नाही. ती आधी बाथरूम धुवायची म्हणजे बिछाना होईपर्यंत ते सुकतं, आणि बिछाना घालून झाला की उघडा तळवा चादरीवरून उशीपासून पायथ्यापर्यंत सावकाश फिरवायची. दमट लागली तर चादर परत काढायची. कोणी सांगितलेलं नव्हतं, चेकलिस्टमध्ये तसं काही नव्हतं. पंधरा-सोळा खोल्या करायच्या असतात दिवसाला, त्यात एक चादर दुसऱ्यांदा घालायची म्हणजे जेवणाची वेळ जाते. तरी करायची.

एकदा समुद्राच्या बाजूच्या खोलीत एक जोडपं उतरलं. दार सताड उघडं, एसी १६ वर, रात्रंदिवस. मी स्वतः दोनदा त्यांना विनंती केली, रोजच्या वहीत तशी नोंदही केली. मेंटेनन्सवाल्याने आर्द्रतेचा मीटर लावला तर ऐंशीच्या वर. ते बाहेर गेल्यावर दार लावून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत काटा पन्नाशीत आला. रात्री परत दार उघडं. दोन्या रोज त्या खोलीची चादर दोनदा बदलत होती.

ते गेले आणि रिव्ह्यू आला. एक स्टार. बुरशीचा वास, चादरी ओल्या, अमुक नावाच्या बाईने खोली साफच केली नाही. पूर्ण नाव, बॅजवरून उतरवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ब्रीफिंगला मॅनेजरने तो कागद छापून आणला. मी वही दाखवली, मीटरचे आकडे दाखवले, मेंटेनन्सवाला माझ्या बाजूने उभा राहिला. मॅनेजर म्हणाला, तुझं खरं असेल पण रिव्ह्यू वर आहे आणि महिन्याचा स्कोअर खाली गेलाय. त्या स्कोअरवर वरच्या लोकांचे बोनस ठरायचे, हे पण लिहून ठेवतो. दोन्याला लॉन्ड्रीत टाकलं. तळघरात, इस्त्रीच्या रोलरसमोर, जिथे गेस्ट कधी येत नाही आणि टिप कधी मिळत नाही. मी त्या रिव्ह्यूला उत्तर लिहून दिलं होतं, सभ्य शब्दांत, दार आणि एसीचं सगळं समजावून. ते टाकलंच नाही. त्याऐवजी ठरलेला मजकूर गेला, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, योग्य ती कारवाई केली आहे. कारवाई म्हणजे दोन्या. मी तिथून निघालो तेव्हाही ती तळघरातच होती.

हे सगळं मी माझ्या साडूला सांगितलंय, एकदा नाही, दर गणपतीत. तो पुण्यात आयटीत आहे, खूप फिरतो आणि जाईल तिथे रिव्ह्यू लिहितो. त्याचं म्हणणं, नाव घेतल्याशिवाय मॅनेजमेंट हलत नाही आणि आपण पैसे मोजलेत. पैसे मोजलेत हे मान्य. पण नाव घेतल्यावर हलतं कोण ते बघा ना. रेलिंग निवडणारा हलत नाही, दारावर सेन्सर बसवायला पैसे न देणारा हलत नाही, बुकिंगच्या पानावर नुसता निळ्या समुद्राचा फोटो टाकणारा तर अजिबातच हलत नाही. हलते ती बादली-मॉपवाली बाई, कारण तिला हलवायला खर्च येत नाही. साडू म्हणतो हा हॉटेलचा अंतर्गत मामला, गेस्टचा काय संबंध. संबंध आहे. कागदावर नाव गेस्टने लिहिलंय. चांगलं लिहायचं असेल तेव्हा नाव जरूर लिहा, पूर्ण लिहा, त्याचा उपयोग होतो, मी बघितलाय. वाईट लिहायचं असेल तर खोलीची बाजू, मजला आणि महिना लिहा.

आता तुमच्या बाकीच्या गोष्टी.

बीच नाही ही तक्रार मला पटलेली नाही. मालेकॉन म्हणजे शहराचा समुद्रालगतचा रस्ता, नकाशात आव्हेनिदा जॉर्ज वॉशिंग्टन. मुंबईकरांना सांगायचं तर मरीन ड्राइव्ह. मरीन ड्राइव्हवर खोली घेऊन पोहायला जागा नाही म्हणून कोणी ओरडतं का? खाली पोवळ्याचा धारदार खडक आहे. ग्विबिया म्हणून एक छोटी वाळूची पट्टी आहे, तिथे बसा, पोहू नका. शेजारीच ओझामा नदी समुद्राला मिळते आणि जोराचा पाऊस झाला की सगळ्या शहराचा कचरा घेऊन येते, २०१८ च्या जुलैत तिथल्या प्लॅस्टिकच्या लाटांचे व्हिडिओ जगभर फिरले होते. पोहायचं असेल तर पूर्वेला तीसेक किलोमीटरवर बोका चिका, एअरपोर्टच्या पलीकडे, प्रवाळाच्या आड उथळ शांत पाणी. शहरातलं हॉटेल घ्यायचं ते शहरासाठी. झोना कोलोनियाल, म्हणजे स्पॅनिश काळातलं जुनं शहर, जवळ आहे, अमेरिका खंडातलं सगळ्यात जुनं कॅथेड्रल तिथे आहे, १९९० पासून युनेस्कोच्या यादीत आहे तो भाग, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा एक शब्द नाही याचं मला वाईट वाटलं. गेला होतात ना?

गाण्यांचं बोलायचं तर शनिवार-रविवारी अख्खं शहर मालेकॉनवर येतं, डिकी उघडून स्पीकर लावतात, मेरेंगे आणि बचाता पहाटेपर्यंत. २७ फेब्रुवारीच्या स्वातंत्र्यदिनाची परेड तिथेच, मार्चच्या सुरुवातीला कार्निव्हलची मिरवणूक तिथेच. हॉटेलला ते बंद करता येत नाही. पण बुकिंग घेताना सांगता येतं, वरचा मजला किंवा मागच्या, गास्क्वे वस्तीच्या बाजूची खोली देता येते. ते त्यांनी केलं नसेल तर तिथे मॅनेजमेंटला चांगलं धारेवर धरा, हा खरा दोष आहे. खालच्या मजल्यावर, समोरच्या बाजूला, शनिवारी झोप लागली नाही असं लिहा म्हणजे पुढच्याला नेमका उपयोग होईल.

२८ टक्के म्हणजे १८ टक्के तिकडचा टॅक्स आणि १० टक्के सर्व्हिस, दोन्ही तिकडच्या नियमाने लागतात. लूट नाही. पण पानावर किंमत टॅक्स सोडून मोठ्या अक्षरात आणि टॅक्स तळाला बारीक असेल तर ते लिहा. आणि ते १० टक्के भरलेत म्हणून खोलीत काही ठेवायचं नाही असं करू नका, मजल्यावरच्या बाईसाठी रोज वेगळी टिप ठेवा, रोज यासाठी की रोज तीच बाई असेल असं नाही. पेसोत ठेवा. डॉलरची नाणी ठेवू नका, बँक नाणी बदलून देत नाही, तिच्या काही कामाची नाहीत.

दिवे गेल्याचं तुम्ही लिहिलं नाहीत म्हणजे जनरेटर चांगला होता. त्या शहरात वीज जाते, घराघरात इन्व्हर्टर आहेत. तुम्हाला कळलंसुद्धा नाही याचे मार्क हॉटेलला द्या, तळघरात त्यासाठी माणसं जागी असतात.

हां, एक सांगायचं राहिलं. ढेकूण निघाले, खोलीतून वस्तू गेली, कोणी गैर वागलं, तर हे माझं सगळं बाजूला ठेवा. तेव्हा तिथल्या तिथे लेखी तक्रार द्या, नाव द्या, गरज पडली तर पोलिसांत जा. पण तेही आधी हॉटेलला आणि पोलिसांना, रिव्ह्यू नंतर. आणि वास तुमच्या खोलीत दार बंद असतानाही येत होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर एसीचा ड्रेन तुंबला असणार किंवा भिंतीत गळती असणार, ती मेंटेनन्सची जबाबदारी आणि त्याला स्टार कापायला माझी काही हरकत नाही. राहत असताना रिसेप्शनला फोन केला होतात का? केला नसेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. खोली बदलून द्यायची संधीच मिळाली नाही तर हॉटेल काय करणार.

स्टार म्हणाल तर तुम्ही जे सांगितलंत त्यावर मी चार देईन, दार बंद असतानाही वास असेल तर तीन. एक तर कुठल्याच हिशोबाने होत नाही. साडूने एकच दिला असता.

लॉन्ड्रीचे पैसे दोनदा लागलेत ते रिव्ह्यूत घालू नका, तिथे कोणी अकाउंट्सवाला वाचत नाही. बिलाचा फोटो आणि कार्डच्या स्टेटमेंटची ती ओळ जोडून फ्रंट ऑफिसला मेल टाका, रूम नंबर आणि तारखा विषयाच्या ओळीतच लिहा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर कार्डच्या बँकेकडे त्या रकमेपुरता डिस्प्यूट टाका. ऑफिसने पैसे भरले असतील तर मात्र आधी तुमच्या अकाउंट्सला विचारा, त्यांनी आधीच टाकलेला असू शकतो.