बाबांची कॉफी बंद करण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबा ५८ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, दिवसाला चार कॉफी होतात आणि महिनाभरापासून मधेच छातीत धडधडतं. तर कॉफी बंद करू का? मी डॉक्टर नाही, पण या धडधडीतून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

अंबडला नाइट शिफ्ट करायचो तेव्हा मशीनच्या कॉफीचे सहा पेले सहज व्हायचे. वर्षानुवर्षं काही झालं नाही. मग सिगारेट सोडली आणि पंधरा दिवसांत ठोका चुकल्यासारखं व्हायला लागलं. घरात एकच घबराट. चोवीस तासांचं होल्टर (हृदयाचे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) छातीला लावून कामावर गेलो. रिपोर्टमध्ये मधूनमधून जादा ठोके, बाकी हृदय ठणठणीत. डॉक्टरांनी विचारलं, ‘अलीकडे काय बदललं?’ मी अभिमानाने सांगितलं, सिगारेट सुटली. ते हसले आणि म्हणाले, मग कॉफीही निम्मी करा.

झालं असं की सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निकाल फार झपाट्याने लावतं. धूर थांबला की तेच सहा पेले अंगात जवळजवळ दुप्पट वेळ रेंगाळतात. (तंबाखू मळणाऱ्यांना हे लागू नाही, करामत धुराची, निकोटिनची नाही.) सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकसारखी काही औषधंही कॅफिन असंच अडवून धरतात. म्हणून बाबांनी विडी-सिगारेट सोडली का, नवीन गोळी सुरू झाली का, हे आधी विचारा. सोडली असेल तर कॉफी कमी करा, पण विडीकडे परत वळू देऊ नका!

दुसरं, बीपी मोजा. कॉफीनंतर निदान अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर आकडा उगाच चढलेला दिसतो. जपानमध्ये सुमारे १८,६०० लोकांवर जवळजवळ १९ वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. ज्यांचं बीपी १६०/१०० किंवा त्याहून वर होतं, त्यांच्यापैकी रोज दोन किंवा जास्त कप कॉफी घेणाऱ्यांत हृदयविकार-पक्षाघाताने मृत्यूचा धोका कॉफी न घेणाऱ्यांच्या दुप्पट दिसला. बीपी त्याच्या खाली असलेल्यांत तसं दिसलं नाही. अशा अभ्यासातून कॉफीच दोषी असं सिद्ध होत नाही, तरी बाबांचा आकडा तिथे जात असेल तर मी एका कपावर थांबवेन.

नुसत्या धडधडीचं म्हणाल, तर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १०० जणांच्या छातीला ईसीजीची पट्टी लावून कोणत्या दिवशी कॉफी घ्यायची आणि कोणत्या दिवशी नाही, हे त्यांना मेसेजने कळवायचे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले जादा ठोके कॉफीने फारसे वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले वाढले. चालणं रोज सुमारे हजार पावलांनी वाढलं, पण झोप ३६ मिनिटांनी घटली. मला विचाराल तर खरी मेख या झोपेत आहे. कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात. गंगापूर रोडला संध्याकाळी सातला घेतलेला कप रात्री बारालाही अर्धा अंगात असतो. मी चारनंतर घेत नाही. रविवारी मिसळीवर मित्र कॉफी मागवतात, मी ताक.

कॉफी कशी करता तेही बघा. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरपेक्षा कागदी फिल्टर बरा. कॉफीतलं कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्य एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं; कागद ते अडवतो, जाळी फारसं नाही. इन्स्टंटमध्ये ते नगण्य असतं.

एकदम बंद मात्र करू नका, डोकं ठणकेल आणि बाबा घरभर चिडचिड करतील. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा. दोन आठवडे वहीत कपाची वेळ, धडधडीची वेळ आणि बीपी लिहा. ती वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. पण धडधडीबरोबर चक्कर आली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर वही राहू द्या आणि त्याच क्षणी बाबांना दवाखान्यात न्या.