दौऱ्याची वही आधी उघड

अगं मुली,

तुझा मेसेज परवा आला आणि सोबतची सोळा पानंही काल रात्री वाचून काढली. आपल्या नाटक मंडळीचा इतिहास कुणीतरी लिहायला घेतलाय याचा मला फार आनंद झालाय हे आधीच सांगतो, कारण पुढे मी बरंच काय काय सांगणार आहे आणि तू हिरमुसशील. सोळा पानांत नाटकांची यादी आहे, बक्षिसांची यादी आहे, कुठल्या प्रयोगाला कोण पाहुणे आले होते तेही आहे, पण दौरा कुठेच नाही. आपलं बालनाट्य फिरतं होतं गं, आणि तू नेमकं फिरणंच गाळलंस.

त्याआधी एक दुरुस्ती. पहिल्याच पानावर लिहिलंयस की मराठी व्यावसायिक बालनाट्य आपल्या मंडळीपासून सुरू झालं. तुला हे आपल्यातल्याच कुणीतरी प्रेमाने सांगितलं असणार, पण ते वाक्य आजच्या आज काढ. सुधाताई करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचं शिक्षण घेऊन आल्या आणि १९५९ साली मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी 'लिटल थिएटर' उभं केलं, पहिलं नाटक 'मधुमंजिरी', लेखक रत्नाकर मतकरी, वय तेव्हा जेमतेम विशीचं. चेटकीण स्वतः सुधाताई झाल्या. त्याआधी मुलांचं नाटक म्हणजे बहुतेक शाळेचं गॅदरिंग, मुलांनी करायचं आणि आईवडलांनी कौतुकाने बघायचं. सुधाताईंनी प्रेक्षक म्हणून मुलांना समोर बसवलं, मोठ्यांच्या भूमिका मोठ्यांनी करायच्या, गाणी नाच कपडे लाइट सगळं मोठ्यांच्या नाटकाच्या तोडीचं. मग १९६२ साली मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली आणि बँकेतली नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं चालवली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही नावं तर तुझ्या आईलासुद्धा पाठ असतील, 'अलबत्या'तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण बघून घाबरलेली पोरं आज आजोबा झालीत. आपण या लोकांच्या मागून आलो, त्यांच्याकडे बघून शिकलो. हे लिहिल्याने आपली मंडळी लहान होत नाही.

आता दौरा. माझ्या कपाटात चार वह्या आहेत, लाल कापडी बाइंडिंगच्या, त्यात प्रत्येक प्रयोगाची तारीख, गाव, हॉल, किती माणसं नेली, डिझेल, जेवण, हॉलभाडं, हातात काय उरलं, सगळं आहे. तू सुरुवात तिथून कर. वही उघडल्या उघडल्या एक गोष्ट दिसेल की सगळे प्रयोग एप्रिल-मे आणि दिवाळीच्या सुट्टीत कोंबलेले आहेत, अधेमधे नाताळ, बाकी वर्ष जवळजवळ कोरं. आणि हॉलमध्ये जेव्हा प्रयोग असायचे तेव्हा ते सकाळचे किंवा भर दुपारचे, कारण संध्याकाळ आणि रात्र मोठ्यांच्या नाटकाला जायची. म्हणजे आम्हाला सेट लावायला पहाट आणि काढायला वीस मिनिटं, कारण मागे पुढच्या नाटकाचे सेटवाले दारात उभे. वर्षाचा खर्च दोन सुट्ट्यांत भरून काढायचा. नट का सोडून गेले, नवीन नाटक तीन-तीन वर्षं का आलं नाही, याची उत्तरं तू लोकांच्या स्वभावात शोधलीयस. ती मला तरी या कॅलेंडरमध्ये दिसतात.

आणि नेपथ्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीयस, 'रंगीबेरंगी नेपथ्य'. अगं, आपलं जंगल पडद्यावर रंगवलेलं होतं, कारण पडदा बांबूला गुंडाळला की टेम्पोच्या टपावर बसतो. राजवाड्याचे फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर रंगवलेल्या भिंती, मधोमध बिजागरीने दुमडायचे आणि त्यांच्याच पाठीवर म्हातारीची झोपडी रंगवलेली होती, म्हणजे एका लाकडात दोन घरं. राक्षसाचं डोकं कागदाच्या लगद्याचं, एका माणसाच्या मांडीवर बसून प्रवास करायचं, कारण पेटीत घातलं की नाक चेपायचं. गणपतीनंतर एकदा कोकणात पावसाने ताडपत्रीतून पाणी आत गेलं आणि डोकं एका बाजूने मऊ पडलं, तेव्हा आमच्या मेकअपमननी लॉजवाल्याकडून मैदा मागून खळ शिजवली, वर्तमानपत्राचे कपटे चिकटवले आणि रात्रभर टेबलफॅनसमोर ते डोकं धरून बसले. सकाळी रंग अजून ओला होता, राक्षस झालेला नट त्या डोक्यात शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या कानशिलावर हिरवा पट्टा. त्या मेकअपमनचं नाव तुझ्या सोळा पानांत नाही. त्यांच्या मुलीकडे त्यांची रंगांची पेटी आहे, तिला भेट, आणि नाव छापण्याआधी तिला विचार.

मुलाखती घेताना आधी नटांकडे जाऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. नट गोष्टी छान सांगतात आणि दर वेळी थोडी वेगळी सांगतात, त्यात त्यांची चूक नाही, पण तारीख वहीत बघ. आधी टेम्पोचा ड्रायव्हर, लाइटवाला, कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी. मावशींना विचार की दहा वर्षांच्या मुलीचा परीचा ड्रेस पुढच्या मे महिन्यात तिला होत नाही मग काय करायचं, त्या तुला सांगतील की शिवणीत चार बोटं कापड दाबून ठेवलेलं असायचं आणि तीच शिवण तीन पऱ्यांना पुरली. काही ड्रेस अजून आहेत, उलटे करून बघ, जुन्या शिवणीच्या रेघा दिसतात.

एक गोष्ट तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. एका दौऱ्यात घाटाखालच्या धाब्यावर आम्ही एक मुलगा विसरलो. नऊ वर्षांचा, ससा व्हायचा. बस निघाली, अर्ध्या तासाने कळलं, परत गेलो तर तो गल्ल्याजवळ खुर्चीवर बसून होता, रडत नव्हता, धाब्यावाल्याने त्याला दूध दिलं होतं. मोजणी माझ्याकडे होती. त्या दिवसापासून प्रत्येक मुलाला नंबर दिला आणि बस हलण्याआधी मुलांनी स्वतः ओरडून नंबर सांगायचे, मधला नंबर आला नाही की गाडी जागची हलायची नाही. हे पुस्तकात यायला हवं, माझ्या नावासकट. दुसऱ्याची पोरं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मंडळीचा इतिहास लिहिताना ती पोरं कुठे झोपली, काय जेवली, आजारी पडली तर कोण जागलं, हे नसेल तर मी तो वाचू शकणार नाही. ते सशाचं पोर आता चाळिशीचं आहे, त्याला विचारून त्याची बाजूही घे, त्याला आठवतं ते माझ्यापेक्षा वेगळं असेल.

गावोगावचे प्रयोग ठरवून पैसे बुडवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरबद्दल तू रागाने दोन पानं लिहिलीस, ती अर्ध्या पानावर आण. नाव नको. रक्कम लिही, आणि त्या महिन्यात कुणाचं मानधन थकलं ते लिही.

आणि ग्रिप्सला एका ओळीत उरकू नकोस. बर्लिनमध्ये १९६६ साली सुरू झालेलं ते थिएटर, १९७२ पासून ग्रिप्स नावाने ओळखलं जातं, ते मोहन आगाशेंनी पुण्यात आणलं, १९८६ साली 'छान छोटे वाईट्ट मोठे' आलं. मुलांच्या भूमिका मोठी माणसं करत होती, राजा नाही चेटकीण नाही, घरातली भांडणं, मोठ्यांची दादागिरी, साधा सेट. मी ते बघून बाहेर आलो आणि बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो, कारण आपल्या नाटकात मुलाला भीती वाटायची ती राक्षसाची, आणि इथे समोरचा मुलगा त्याच्या खऱ्या घरातल्या भीतीवर हसत होता. आमच्यात यावर खूप वाद झाले, काही म्हणाले हे रुक्ष आहे, मला मात्र वाटलं की आपणही आता बदलायला हवं. आपण राक्षस सोडला नाही, पण पुढच्या नाटकात राक्षसाला एक मुलगी दिली आणि ती बापाला प्रश्न विचारायला लागली. त्या नाटकाची हस्तलिखित प्रत, विंगेतून वाक्यं सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या पेन्सिलच्या खुणांसकट, माझ्याकडे आहे. खुणा नीट वाच, कुठल्या वाक्यानंतर मुलं ओरडायची तिथे प्रॉम्प्टरने 'थांबा' लिहिलंय, आणि सांगलीच्या आणि मडगावच्या प्रयोगातले थांबे वेगळे आहेत. मडगावला पोरं गाण्यात ठेका धरायची, म्हणून तिथे कडवं दोनदा घेतलंय.

हे सगळं लवकर कर बाई. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री मला झोप आली नाही. त्या स्टेजवर आपण किती वेळा जंगलाचा पडदा सोडलाय. दुसऱ्या दिवशी उठून पहिलं काम केलं ते वह्यांचे फोटो काढले, पण माझ्या मोबाइलवर ते धड दिसत नाहीत, स्कॅन तुलाच करावं लागेल.

रविवारी सकाळी दहाला ये, दुपारी मला डॉक्टरकडे जायचंय. वह्या, हस्तलिखित आणि राक्षसाचं डोकं माळ्यावरून मुलाकडून काढून ठेवतो. तोंडाला रुमाल बांधून ये, धूळ फार आहे, आणि मावशींना आदल्या दिवशी फोन कर, त्यांना अचानक गेलेलं आवडत नाही.

तुझा काका