सात गावांना हवा एक पाळक

गेल्या खेपेला मी चर्च ऑफ इंग्लंडच्या खेड्यातल्या 'गटां'विषयी लिहिलं होतं. म्हणजे पाच-सात-अकरा गावं, प्रत्येक गावाला आपलं जुनं दगडी चर्च, आणि सगळ्यांना मिळून पाळक, म्हणजे बहुधा 'रेक्टर', एकच. त्यावर इतके प्रश्न आले की आजचा मजकूर तुमच्यावरच सोपवलाय. मी स्वतः हेरफर्डशायरमधल्या एका गटात दोनदा 'इंटररेग्नम' काढलाय. पाळक नसलेल्या काळाला गावातली जुनी माणसं अजून हेच लॅटिन नाव वापरतात. दोन्ही वेळा मी वॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार बघायला गावानं निवडलेली बाई, होते. तो चाव्यांचा जुडगा अजून स्वप्नात येतो.

प्रश्न : आमचे रेक्टर सप्टेंबरअखेर निवृत्त होताहेत. गटात सात गावं, सात पीसीसी (म्हणजे प्रत्येक चर्चची कमिटी). एका गावची सेक्रेटरी मी आहे. सुरुवात कधी आणि कुठून करायची? आणि हा 'पेट्रन' कोण, ज्याला सगळे पत्र लिहा म्हणताहेत?

सुरुवात आजच करा, निरोप समारंभाच्या केकपर्यंत थांबू नका. रेक्टर जाणार हे कळल्यावर बिशपकडून रीतसर नोटीस येते. ती हातात पडली की चार आठवड्यांत पीसीसीची खास सभा घ्यावी लागते. 1986 च्या पेट्रनेज कायद्याच्या 11 व्या कलमाखाली ती भरते, म्हणून सगळे तिला 'सेक्शन इलेव्हन' म्हणतात. तुमच्या सात कमिट्या एकत्र बसतील. तीन कामं महत्त्वाची: पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाची, माहिती लिहून काढणं (हेच 'पॅरिश प्रोफाइल'), प्रतिनिधी नेमणं आणि जाहिरात द्यावी का ते ठरवणं. प्रतिनिधी दीक्षित नसलेले, साधे मंडळीतले हवेत. गटात निदान चार, आणि एकाही गावाला वगळता येत नाही. या सभेला जाणाऱ्या रेक्टरनं किंवा त्याच्या पत्नीनं बसायचं नसतं. आमच्याकडे रेक्टरच्या बाईच सहा वर्षं कमिटीचा चहा करायच्या. त्या दिवशी त्यांना बाहेर ठेवताना सगळ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती, पण नियम बरोबर आहे. त्यांच्यासमोर कोण मोकळेपणी बोलणार?

आता पेट्रन. आपल्याकडे जोशीपणाचं वतन असायचं ना, तसा हा प्रकार समजा, फक्त उलट्या बाजूनं. इथे वतन पूजा करणाऱ्याचं नसून त्याला नेमणाऱ्याचं. मध्ययुगात ज्या जमीनदारानं चर्च बांधलं, जमीन दिली, त्याला पाळकाचं नाव सुचवण्याचा हक्क मिळाला. पुढे तो वारशानं फिरला, दान गेला, चक्क लिलावातही विकला गेला. आज तो विकता येत नाही, पण हक्क मात्र शाबूत आहे. म्हणून पेट्रन कुणीही असू शकतो: बिशप, राजसत्ता, ऑक्सफर्ड-केंब्रिजचं कॉलेज, एखादी सोसायटी, नाहीतर टेकडीवरच्या हवेलीत राहणारे गृहस्थ. गावं एकत्र आली की पेट्रनही एकत्र येतात आणि बहुधा पाळीपाळीनं नाव सुचवतात. यंदा पाळी कुणाची, ते डायसिसच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या प्रांताच्या, रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं असतं.

नाव पेट्रननं सुचवलं तरी शेवटचा शब्द त्याचा नाही. बिशप आणि तुमचे प्रतिनिधी, दोघांची संमती लागते. प्रतिनिधी कारणं लिहून नकार देऊ शकतात. मग पेट्रननं वाटल्यास आर्चबिशपकडे दाद मागायची. तेव्हा सभेत 'कुणीतरी जा रे' म्हणून नावं टाकू नका.

एक मेख आहे. डायसिसच्या मनात गावांची फेरजुळणी असेल तर बिशप पेट्रनचा हक्क काही काळ, एका वेळी पाच वर्षांपर्यंत, स्थगित ठेवू शकतात. मग येतो तो 'रेक्टर' नव्हे, 'प्रीस्ट-इन-चार्ज', आणि त्याला नेमतात बिशप. खेड्यांत हे फार सर्रास चालतं. तुमच्याबाबतीत तसं आहे का, हे आर्चडीकनना, म्हणजे बिशपच्या वतीनं कारभार बघणाऱ्या वरिष्ठ पाळकांना, पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

प्रश्न : पॅरिश प्रोफाइल लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 38 पानं झालीत, फोटो छान आलेत. तरी नजर टाकाल का?

टाकली. फोटो खरंच छान आहेत, विशेषतः सफरचंदाच्या बागेचा. पण 38 पानांत रविवारी किती माणसं येतात हा आकडा मला कुठे सापडला नाही. 'छोटी पण प्रेमळ मंडळी' हे चार गावांबद्दल लिहिलंय. वाचणारा पाळक दुधखुळा नसतो. 'छोटी' म्हणजे सहा की सोळा, हे त्याला पहिल्या पानावर हवं असतं.

मग तुमची ती यादी. नवा पाळक प्रार्थनाशील हवा, तरुणांना ओढणारा हवा, वृद्धांच्या घरी नियमित जाणारा हवा, शाळेत रमणारा, हिशेबात पक्का, जुन्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकावर प्रेम करणारा आणि नव्या उपासनेतही उत्साही. विनोदबुद्धीही हवी. ती लागेलच. पगार एका माणसाचा आणि स्थळ बघताय अकरा जणांचं. मुलीला नवरा शोधतानाही कुणी इतकं मागत नाही, आणि आपण मागणारे लोक आहोत.

या अपेक्षांचं मूळ खेड्यातल्या पाळकाच्या जुन्या चित्रात आहे. त्या चित्रातला आदर्श म्हणजे कवी जॉर्ज हर्बर्ट: सॉल्झबरीजवळच्या बेमर्टनचा रेक्टर, घरोघरी जाणारा, दिवसातून दोनदा प्रार्थनेची घंटा वाजवणारा. पण हर्बर्ट तिथे 1630 ला आला आणि 1633 ला, चाळिशी गाठण्याआधीच, वारला. सांभाळायला दोन लहानशी चर्चेस होती, हाताखाली सहायक होता. पुरती तीन वर्षंही न झालेल्या त्या कारकिर्दीचं माप आज सात गावं, सात छपरं आणि सात कमिट्या सांभाळणाऱ्याला लावायचं? वर्षाला चार-चार सभा धरल्या तरी 28 संध्याकाळी फक्त पीसीसीत गेल्या.

म्हणून माझा सल्ला असा. प्रोफाइल निम्मं करा आणि त्यात एक नवं पान घाला: 'आम्ही पाळकाकडून काय मागणार नाही'. सात कमिट्यांऐवजी एक जॉइंट कौन्सिल करायला तयार आहात का? नियमांत तशी सोय आहे. गवत कापण्याचे, छपराचे, विम्याचे फोन कोण घेणार? नाताळच्या आठवड्यात सातही गावांत कॅरल सर्व्हिस हवीच का, आणि हवी असेल तर दोन-तीन ठिकाणी मंडळीतलं कुणी चालवेल का? हे पान लिहिताना भांडणं होतील. व्हायलाच हवीत. ती आत्ता झाली तर नव्या माणसाच्या पहिल्या वर्षात होणार नाहीत.

पैशाचंही खरं लिहा. पाळकाचा पगार डायसिस देतं आणि त्यासाठी गावांकडून 'पॅरिश शेअर' गोळा करतं. दोन गावांनी तो गेली दोन वर्षं पूर्ण भरलेला नाही, असं तुम्ही पत्रात लिहिलंत. प्रोफाइलमध्ये मात्र 'आर्थिक स्थिती समाधानकारक' आहे. उमेदवार आर्चडीकनना विचारणारच. मग बाकीच्या पानांवर तरी त्यानं का विश्वास ठेवावा?

आणि रेक्टरीबद्दल, म्हणजे पाळकाच्या घराबद्दल: हीटिंग तेलावर आहे की गॅसवर, हे बागेच्या फोटोच्या आधी.

प्रश्न : मी डॉक्टर, हिंदू, भारतीय पासपोर्टवर. गावात नऊ वर्षं आहे. दिवाळीला मी बोलावतो, नाताळला ते बोलावतात. आता नव्या पाळकाच्या शोधात 'तुम्हीही या' म्हणताहेत. मी लुडबुड करणं बरं दिसतं का?

लुडबुड कसली, कायद्यानं तुम्हाला एक मत आहे! चर्चच्या मतदारयादीत नाव घालायला बाप्तिस्मा लागतो, पीसीसीवर बसायलाही ते नाव लागतं. ती दारं तुम्हाला बंद. पण दरवर्षी वॉर्डन निवडायला जी गावसभा भरते, तिच्यात सरकारी मतदारयादीतले गावकरीही मत देऊ शकतात, धर्म कुठलाही असो. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून, इथे रीतसर राहणाऱ्या तुमचं नाव त्या यादीत असू शकतं. पाळक नसताना गावाचा गाडा वॉर्डनच ओढतात, तेव्हा हे मत वाया जाणारं नाही.

प्रोफाइलच्या कामात तुम्ही सगळ्यात उपयोगी आहात. गावात एकटं कोण पडलंय, कुणाच्या घरी आठवडाभर माणूस फिरकत नाही, हे डॉक्टरला ठाऊक असतं. नावं अर्थातच सांगू नका. गावाचं दुखणं काय, तेवढं सांगा.

प्रश्न : पाळक नाही, आणि मुलीचं लग्न जूनमध्ये याच चर्चमध्ये ठरलंय. शिवाय शेजारचे आजोबा अत्यवस्थ आहेत. हे सगळं अडणार का?

काही अडत नाही. रिकाम्या काळात वॉर्डन आणि रूरल डीन (आसपासच्या पॅरिशांवर लक्ष ठेवणारे पाळक) मिळून कारभार बघतात. पंचक्रोशीतले निवृत्त पाळक, ज्यांच्याकडे बिशपची परवानगी आहे, ते लग्न लावतात, अंत्यविधी करतात, प्रभुभोजन देतात. ती परवानगी चालू आहे ना, हे वॉर्डननं तपासायचं. 'ओळखीचे आहेत' एवढं पुरत नाही. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना रीडर, म्हणजे परवाना मिळालेले मंडळीतले लोक, चालवू शकतात, फक्त भाकरी-द्राक्षारसाचं पवित्रीकरण पाळकानंच करायचं असतं. आजोबा त्या पॅरिशचे रहिवासी आहेत, तेव्हा चर्चच्या आवारात दफनाला जागा शिल्लक असेल तर तिथे माती मिळण्याचा हक्क त्यांना आहेच.

लग्नाबाबत एक सावधगिरी. तीन रविवार नावं पुकारायची ती 'बॅन्स'ची पद्धत तुम्ही धरून चालला आहात. पण जावई भारतीय पासपोर्टवर आहेत असं लिहिलंत. 2 मार्च 2015 पासून अशा जोडप्यांना बॅन्स चालत नाहीत. दोघांनी रजिस्टर ऑफिसात जाऊन नोटीस द्यावी लागते आणि निदान 28 दिवस थांबून दाखला मिळतो. मेपर्यंत ताणू नका.

प्रश्न : माझे धाकटे दीर नगर जिल्ह्यात सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) पाळक आहेत. त्यांना इंग्लंडमधल्या अशा जागेसाठी अर्ज करता येईल का?

येईल, पण दोन-तीन दारं ओलांडून. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात झाली. त्या एकीकरणात अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले, लोकही होते आणि सीएनआय आज अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे त्या परंपरेच्या जगभरच्या चर्चेसच्या परिवारात, आहे, त्यामुळे दिरांची दीक्षा इथे मानली जाते. तरीही परदेशात दीक्षा झालेल्यांना 1967 च्या कायद्याखाली कँटरबरी किंवा यॉर्कच्या आर्चबिशपांची लेखी परवानगी लागते. त्यानंतर स्थानिक बिशपचा परवाना. व्हिसासाठी डायसिसकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणूस नेमण्याचा सरकारी परवाना, हवं, ते आहे का हे जाहिरातीत बघावं. भारतीय लायसन्सवर इथे 12 महिनेच गाडी चालवता येते आणि खेड्यात गाडीशिवाय पाळक म्हणजे बैलाशिवाय नांगर.

सगळ्यात मोठा बदल मनाचा. तिकडे बिशपांची बदलीची चिठ्ठी येते आणि पाळक सामान बांधतो. इथे स्वतःची जाहिरात करावी लागते, मुलाखतीत 'माझी बलस्थानं' सांगावी लागतात. आपल्या माणसांना ते उद्धटपणाचं वाटतं. त्यांना सांगा, मोटारसायकलवरून पाच-सहा वाड्या सांभाळल्याचं नीट, तपशिलानं लिहा. लंडनच्या मोठ्या चर्चमधून आलेल्या उमेदवाराकडे तेवढंच नसतं.

प्रश्न : गटातल्या एका गावाला स्त्री पाळक नको आहे. बाकी सहांना चालेल. कुणाचं ऐकायचं?

आधी 'गावाला' म्हणजे कुणाला ते बघा. बहुतेकदा ते दोन आजोबा असतात. 1994 पासून स्त्रिया पाळक आहेत, 2015 पासून बिशप, आणि 2025 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठीही प्रथमच एका स्त्रीचं नाव जाहीर झालं. धर्मशास्त्रीय श्रद्धेपोटी विरोध असेल तर त्या पीसीसीनं रीतसर ठराव करून बिशपकडे पर्यायी व्यवस्था मागायची, तशी तरतूद 2014 पासून आहे. नुसतं कुजबुजणं म्हणजे ठराव नव्हे.

प्रश्न : दोनदा जाहिरात दिली. 'चर्च टाइम्स'मध्येही आली. एकही अर्ज नाही. आमच्यात काय खोट आहे?

कदाचित काहीच नाही. माणसंच कमी आहेत, आणि पाळकाच्या घरातल्यांनाही नोकरी-शाळा हवी असते. पण तिसऱ्यांदा तीच जाहिरात देऊ नका. 'हाउस फॉर ड्यूटी'चा विचार करा: पगार नाही, राहायला घर, बदल्यात रविवार आणि आठवड्यातले साधारण दोन दिवस. नुकतेच निवृत्त झालेले काही पाळक यासाठी खुशीनं येतात. मात्र दोन दिवसांच्या माणसाकडून सहा दिवस काढायचे नाहीत. मी हे होताना पाहिलंय, आणि ते गृहस्थ दीड वर्षात आजारी पडून गेले.

दुसरं, उपासनांचं वेळापत्रक. 2019 पर्यंत नियम असा होता की प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये दर रविवारी उपासना हवी. तो नियम कुणाच्यानं पाळला जात नव्हताच. आता गटात कुठेतरी एका ठिकाणी झाली तरी चालतं. तुमच्या जाहिरातीत मात्र अजून 'दर रविवारी चार उपासना' आहे. डोंगराळ रस्ते, जानेवारीतलं धुकं, ट्रॅक्टरमागे गाडी. मी तरुण पाळक असते तर तिथेच पान उलटलं असतं.

प्रश्न : अखेर आमच्या रेक्टर येताहेत! स्वागतविधीत त्यांनी घंटा किती वेळा वाजवायची असते?

अभिनंदन! विधी सुंदर असतो. बिशप अधिकारपत्र देतात, आर्चडीकन त्यांचा हात चर्चच्या दाराच्या कडीवर ठेवतात, मग त्या स्वतः घंटा वाजवून गावाला वर्दी देतात. ठोक्यांचा आकडा ठरलेला नाही. गावकरी मात्र मोजतात, कारण जितके ठोके तितकी वर्षं पाळक टिकतो अशी समजूत आहे. आमच्या रेक्टरबाईंनी अकरा दिले आणि चौथ्या वर्षी बदलून गेल्या. घंटा वाजवणाऱ्यांच्या कॅप्टनला आदल्या दिवशी एक सांगून ठेवा: घंटा खाली उतरवलेली असू द्या. उलटी, वर तोंड करून ठेवलेल्या घंटेची दोरी नवख्या माणसानं ओढली तर दोरीबरोबर माणूसही वर जातो.